अंगठा देण्याआधी

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा विदर्भातील एका मोठ्या रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स होते. डिप्लोमा होऊन दोनच वर्षे झाली होती. वॉर्ड चाळीस खाटांचा, पण पावसाळ्यात एकेका खाटेवर दोन-दोन लेकरे आणि खाली जमिनीवर त्यांच्या आया. रात्रपाळीला आम्ही दोघी नर्स.

त्या रात्री एक बाई आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळाला निमोनिया होता, छाती भात्यासारखी उडत होती. आम्ही ऑक्सिजन लावला, सलाईन सुरू केले. थोड्या वेळाने शिकाऊ डॉक्टर तीन-चार पानांचा कागद घेऊन आले. कागद इंग्रजीत होता. ते बाईला म्हणाले, "बाळाला नवीन औषध देतोय, चांगलं आहे. इथे अंगठा लावा." बाईने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, साक्षीदार म्हणून सही करा." मी दुसऱ्या बाळाची सलाईन लावत होते. हात पुसला आणि सही केली. त्या कागदात काय लिहिले होते ते मी वाचले नाही. बाईला काय सांगितले गेले तेही मी नीट ऐकले नव्हते.

तासाभराने ती बाई माझ्याजवळ आली आणि हळूच विचारले, "सिस्टर, कायच्यावर अंगठा घेतला वो माहा?"

मला उत्तर देता आले नाही.

बाळ बरे झाले, घरी गेले. कोणतेही संकट आले नाही. पण त्या बाईला पुढे दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला बोलावत होते. ती गावाहून एस.टी.ने यायची, दिवसाची मजुरी बुडवायची. भाड्याचे पैसे तिला कोणी दिले नाहीत. एकदा मी तिला म्हटले, "बाळ तर बरं आहे, मग एवढ्या लांबून कशाला येतेस?" ती म्हणाली, "नाही आली तं पुढच्या वेळी लेकराले भरती करून घेतीन का?"

आपले बाळ एका संशोधनात आहे हे तिला ठाऊकच नव्हते. तिला तो उपचार वाटत होता, आणि न येण्याची तिला भीती वाटत होती. तिच्या अंगठ्याशेजारी साक्षीदार म्हणून माझी सही होती. नोकरी सोडून मी वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करू लागले त्याला बरीच कारणे आहेत. त्यांतले एक ही सही आहे.

आज या पानावर मी ज्या समितीबद्दल लिहिणार आहे, तिचे काम नेमके हे होते की त्या बाईला तो प्रश्न मध्यरात्री मला विचारावा लागू नये. तिला म्हणतात नैतिकता समिती. रुग्णालयात सगळे 'एथिक्स कमिटी' म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

एथिक्स कमिटी म्हणजे कोण?

रुग्णालयात दोन प्रकारचे काम चालते. एक उपचार आणि दुसरे संशोधन. उपचारात डॉक्टर आपल्या लेकराला बरे करण्यासाठी औषध देतात. संशोधनात, हे औषध चालते का, किती चालते, त्याने त्रास काय होतो, हे शोधण्यासाठी देतात. लेकराला त्यातून फायदा होऊही शकतो, पण हेतू वेगळा असतो. आणि हेतू वेगळा असला की नियमही वेगळे लागतात.

माणसांवर नव्या औषधाची किंवा लसीची चाचणी करायची असेल, तर आधी एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी लागते. याचे नियम 'नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९' यात आहेत. कमिटी सरकारकडे नोंदलेली असावी लागते. तिच्यात किमान सात सदस्य हवेत. त्यांतले निम्मे तरी त्या रुग्णालयाच्या बाहेरचे हवेत. अध्यक्षही बाहेरचाच हवा. सदस्यांत एक कायदा जाणणारी व्यक्ती, किमान एक स्त्री, समाजशास्त्रज्ञ किंवा सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी अशी एक व्यक्ती, आणि एक सर्वसामान्य नागरिक असावा लागतो. हा सर्वसामान्य नागरिक म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही, तुमच्या-आमच्यासारखा माणूस. त्याच्याबद्दल मी शेवटी पुन्हा बोलणार आहे.

बाहेरची माणसे कशासाठी? कारण साधे आहे. संशोधन करणारा डॉक्टर आणि त्याला परवानगी देणारा डॉक्टर एकाच कॅन्टीनमध्ये चहा पीत असतील, तर 'नाही' म्हणायचे कोणी? ज्याच्या पगाराचा किंवा बढतीचा त्या रुग्णालयाशी संबंध नाही, तोच मोकळेपणाने विचारू शकतो: "या लेकराचं रक्त पाच वेळा कशाला काढता? दोनदा काढून चालणार नाही का?"

कमिटीने तपासायच्या गोष्टी अशा असतात. धोका किती, फायदा किती. संमतीपत्र आईबापाच्या भाषेत आहे का. नकार दिला तर नेहमीचा उपचार चालू राहील असे त्यात स्पष्ट लिहिले आहे का. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी याचे काय. इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कोण देणार. चाचणी सुरू झाल्यावरही कमिटीचे काम संपत नाही. एखाद्या रुग्णाला गंभीर त्रास झाला, तर संशोधन करणाऱ्या डॉक्टरने चोवीस तासांच्या आत कमिटीला कळवायचे असते. कमिटीला गरज वाटली तर ती चाचणी थांबवू शकते.

आणि माझ्या त्या सहीबद्दल नियम काय सांगतो ते ऐका. आईबाप वाचू शकत नसतील, तर संमतीचे बोलणे सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एक निःपक्ष साक्षीदार तिथे हजर असला पाहिजे. काय सांगितले आणि काय समजले हे त्याने ऐकले पाहिजे, आणि मगच सही केली पाहिजे. त्याच वॉर्डात काम करणारी, पाठमोरी उभी राहून सलाईन लावणारी नर्स हा निःपक्ष साक्षीदार नव्हे. हा नियम तेव्हाही होता. मला तो कोणी शिकवला नाही आणि मीही विचारला नाही.

लेकरांसाठी वेगळी काळजी का?

मोठा माणूस स्वतःसाठी हो किंवा नाही म्हणू शकतो. लेकराच्या वतीने आईबाप बोलतात. आईबाप घाबरलेले असतात, रात्रभर जागे असतात, आणि समोरचा डॉक्टर त्यांना देवासारखा वाटतो. अशा वेळी दिलेली संमती खरोखर संमती असते का, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे.

अमेरिकेतले एक उदाहरण सांगते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची मोठी सरकारी संस्था होती. तिथे १९५६ पासून पुढे बरीच वर्षे मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून अभ्यास केला गेला. आईबापांच्या सह्या घेतलेल्या होत्या. पण संस्थेत जागा भरल्या होत्या, आणि एका काळात संशोधनाच्या विभागातूनच प्रवेश मिळत होता. घरी सांभाळता न येणाऱ्या लेकराला कुठेतरी ठेवायचे आहे आणि दार एकच उघडे आहे, तेव्हा आई सही करणारच. कागदावर ती संमती दिसते, पण ती नाइलाजाने दिलेली असते. अशा घटनांमधूनच पुढे संशोधनाचे नियम कडक झाले.

आपल्या देशातले उदाहरण तर फार जुने नाही. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस एका प्रकल्पात दिली गेली. यांतल्या बऱ्याच मुली आदिवासी होत्या, कित्येक जणी वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण दुसरीच गोष्ट उघड झाली. खम्ममच्या तपासलेल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी २,७६३ संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. म्हणजे गावातल्या आईबापांना काही न विचारताच लेकींच्या दंडाला सुई टोचली गेली. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही लस वाईट आहे असे मी म्हणत नाही. एचपीव्ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देते, आणि हा कर्करोग आपल्या वस्त्यांमधल्या बायांना खूप गिळतो. मुलीला लस मिळत असेल तर माहिती घेऊन जरूर द्या. माझा राग लसीवर नाही. "गरिबांना काय विचारायचं, त्यांना काय कळतं" या वृत्तीवर आहे.

इंदूरच्या 'स्वास्थ्य अधिकार मंच' या संघटनेने २०१२ साली औषध चाचण्यांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्या प्रकरणात २०१३ साली न्यायालयाने चाचणीत सहभागी होणाऱ्याच्या संमतीचे दृश्य-ध्वनी मुद्रण करायला सांगितले. म्हणजे डॉक्टर काय सांगतात आणि माणूस काय म्हणतो याचा व्हिडिओ. आजच्या नियमांनुसार अगदी नव्या औषधाच्या चाचणीत लहान मुलांसारखे दुर्बळ गट असतील, तर असा व्हिडिओ बंधनकारक आहे. सामान्य लोक आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले म्हणून हा हक्क मिळाला.

लेकरालाही विचारायचे असते

आपल्याकडे मोठ्यांच्या बोलण्यात लेकराने बोलू नये अशी रीत आहे. संशोधनाच्या नियमांत मात्र लेकराचे म्हणणेही मोजले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ साली मुलांवरील संशोधनासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगायचे आणि त्याची तोंडी संमती घ्यायची. बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी संमती घ्यायची. आईबापाची संमती लागतेच, ही तिच्या जोडीला.

हे कागदी वाटेल, पण वॉर्डात मी याचा अर्थ पाहिला आहे. थॅलेसेमियाची मुले महिन्या-महिन्याला रक्त चढवायला येतात. दहा वर्षांची पोर सुई बघून हात मागे घेते. तिला चार जणांनी धरून सुई टोचणे एक, आणि "बाळा, हे रक्त तुझ्या आजारासाठी नाही, पुढच्या मुलांच्या औषधासाठी हवं आहे, देशील का?" असे विचारणे वेगळे. पहिल्यात लेकराला फक्त भीती शिकवली जाते. दुसऱ्यात आपल्या अंगावर आपला हक्क आहे हे कळते.

आयसीएमआर आणखी एक गोष्ट सांगते. जे संशोधन मोठ्या माणसांवर करून भागते, ते लेकरांवर करू नये. शक्य तिथे औषध आधी मोठ्यांवर तपासावे, मग मुलांवर.

मग संशोधनच नको का?

असे म्हणू नका. संशोधन नको म्हटले तर आपल्याच लेकरांचे नुकसान आहे. मुले म्हणजे लहान आकाराची मोठी माणसे नव्हेत. त्यांचे यकृत आणि मूत्रपिंड वेगळ्या गतीने काम करते. मोठ्यांची गोळी अर्धी करून दिली की झाले, असे नसते. मुलांसाठी औषध सुरक्षित आहे का हे कुठेतरी तपासावेच लागते.

जुलाबांनी दगावणारी लेकरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. रोटाव्हायरस हे त्याचे मोठे कारण. 'रोटाव्हॅक' ही भारतात बनलेली लस ६,७९९ बाळांवरच्या चाचणीत तपासली गेली. ही चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यात झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. आज अंगणवाडीत सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळाला जी रोटाची लस पाजतात, तिच्यामागे कोणाच्या तरी बाळांचा सहभाग आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि बाळमृत्यू घटतात हे अभ्यासातून दाखवून दिले. १९९९ साली तो अभ्यास जगापुढे आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करते, ताप बघते, त्याची मुळे तिथे आहेत.

म्हणून संशोधनाला नकार देणे हे उत्तर नाही. आपल्याला समजावून सांगितले पाहिजे, विचारले पाहिजे आणि आपल्या 'नाही'चा मान राखला पाहिजे. हो म्हणायचे की नाही, हा निर्णय मग तुमचा.

व्हेंटिलेटरवरचे बाळ आणि पैशाचा प्रश्न

एथिक्स कमिटीचे दुसरे एक काम आहे, आणि ते संशोधनाशी संबंधित नाही. उपचारातच कधी असा अवघड प्रश्न येतो की त्याचे उत्तर औषधाच्या पुस्तकात सापडत नाही. सहाव्या महिन्यात जन्मलेले बाळ, मेंदूत रक्तस्राव झालेला, मशीनवर श्वास चाललेला. उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे? बाळाला यातना होत आहेत का? डॉक्टर एक म्हणतात, बाप दुसरे, आजी तिसरे. कोणाचे ऐकायचे?

अमेरिकेत १९८२ साली इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे डाउन सिंड्रोम असलेले एक बाळ जन्मले. त्याची अन्ननलिका जोडलेली नव्हती, शस्त्रक्रिया करता येण्यासारखी होती. आईबापांनी नकार दिला आणि बाळ सहा दिवसांत गेले. देशभर वादळ उठले. अपंग म्हणून बाळाचा जगण्याचा हक्क कमी होतो का, हा प्रश्न सगळ्यांपुढे आला. त्यानंतर तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णालयांनी अशा निर्णयांसाठी समित्या नेमाव्यात असा आग्रह धरला. एकट्या डॉक्टरने किंवा एकट्या बापाने घाईत निर्णय घेऊ नये, चार शहाण्या माणसांनी बसून बाळाच्या बाजूने विचार करावा, हा त्यामागचा हेतू.

आपल्याकडे अशी समिती प्रत्येक रुग्णालयात असावी अशी सक्ती नाही. पण जगवणारे यंत्र काढण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पद्धत ठरवून दिली आणि २०२३ साली ती सोपी केली. रुग्णालयाने आधी एक वैद्यकीय मंडळ नेमायचे. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ हवेत. नंतर दुसरे मंडळ. त्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. घरच्यांची संमती घ्यायची. न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे.

आता वॉर्डात प्रत्यक्षात काय होते ते सांगते. गरीब घरचे बाळ खासगी रुग्णालयात मशीनवर असते. तिसऱ्या दिवशी बिलाचा आकडा येतो. बाप दोन दिवस उसनवारी करतो, मंगळसूत्र गहाण पडते. मग कोणीतरी सांगते, "न्यायचं असेल तर न्या, स्वतःच्या जबाबदारीवर." केसपेपरवर लिहिले जाते की नातेवाईक डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घेऊन गेले. बाप सही करतो. रस्त्यात किंवा घरी बाळ जाते. ना मंडळ बसले, ना कोणी विचारले की हा निर्णय बाळाच्या आजारामुळे झाला की बिलामुळे. बाळ मुलगी असेल तर हा निर्णय किती लवकर होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात दोष नुसता रुग्णालयाचा नाही, आपल्या घरांचाही आहे. तो आपण कबूल केला पाहिजे.

म्हणून असा कागद पुढे आला तर सही करण्याआधी तीन गोष्टी करा. डॉक्टरांना सरळ विचारा, "पैशाचा प्रश्न नसता तर तुम्ही काय सल्ला दिला असता?" याचे उत्तर 'उपचार चालू ठेवा' असे असेल, तर प्रश्न पैशाचा आहे, आणि त्यावर मार्ग शोधता येतो. रुग्णालयातील समाजसेवा विभागात जा, सरकारी आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का विचारा. ते धर्मादाय रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर आहे, हे ठणकावून सांगा. आणि दुसऱ्या सरकारी रुग्णालयात हलवायचे असेल, तर 'सल्ल्याविरुद्ध' अशी सही न करता, ऑक्सिजनच्या रुग्णवाहिकेतून आणि रीतसर चिठ्ठीनिशी हलवण्याची मागणी करा.

अंगठा देण्याआधी विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कापून घरात लावून ठेवा. महिला मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाठ करवून घ्या.

१. हा उपचार आहे की संशोधन?

२. मी नाही म्हटले तर माझ्या लेकराला नेहमीचा उपचार मिळेल ना? (उत्तर 'हो' असेच असले पाहिजे.)

३. यात नवीन काय आहे? त्रास काय होऊ शकतो?

४. रक्त किती वेळा काढणार? ते कुठे जाणार?

५. किती वेळा यावे लागेल? येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळेल का?

६. मध्येच थांबायचे असेल तर? (केव्हाही थांबता येते, आणि कारण सांगावे लागत नाही.)

७. काही इजा झाली तर उपचार मोफत होईल ना? भरपाई कोण देईल?

८. हा कागद मराठीत आहे का? याची एक प्रत मला द्या.

९. एथिक्स कमिटीने याला मंजुरी दिली आहे का? कमिटीचा फोन नंबर या कागदावर कुठे आहे?

१०. मला घरच्यांशी बोलायला वेळ द्या.

दहावा प्रश्न नाही, ती मागणी आहे. ती करायला लाजू नका. तातडीचे ऑपरेशन असेल तर घाई समजू शकते. संशोधनाच्या कागदाला सहसा एवढी घाई नसते. कोणी फार घाई करत असेल, तर तिथेच थांबा.

तक्रार कुठे करायची?

आधी त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना लेखी अर्ज द्या. प्रत ठेवा आणि तिच्यावर आवक शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असे समजा. अर्जाची दुसरी प्रत वैद्यकीय अधीक्षकांना किंवा अधिष्ठात्यांना द्या. औषधाची चाचणी असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे लिहिता येते. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे जाता येते. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकारात कमिटीच्या सदस्यांची यादी आणि मंजुरीचे कागद मागा. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

त्या खुर्चीत कोण बसते?

आता त्या सर्वसामान्य नागरिकाकडे येते. कायद्याने कमिटीत एक खुर्ची त्याच्यासाठी ठेवली आहे. तिच्यावर बहुतेक वेळा कोणातरी डॉक्टरांच्या ओळखीचे निवृत्त साहेब बसतात. माणूस चांगला असतो. पण जनरल वॉर्डात जमिनीवर रात्र काढलेली नसते, मजुरी बुडवून एस.टी.ने आलेला नसतो. संमतीपत्र वाचून तो म्हणतो, "भाषा ठीक आहे." ज्या बाईला ती भाषा कळणार नाही, ती त्याने पाहिलेलीच नसते.

मी नर्स आहे, म्हणून त्या खुर्चीत मला बसता येत नाही. तुमच्यातल्या कोणालाही बसता येते. आपल्या वस्तीत शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले दादा आहेत, पदवीधर मुली आहेत. तुमच्या शहरात वैद्यकीय महाविद्यालय असेल, तर तिथल्या एथिक्स कमिटीला पत्र लिहा. आमच्या भागातील लोक तुमच्या वॉर्डात येतात, त्यांच्या बाजूने बोलणारा सदस्य आमच्यातून घ्या, असे मागा. पहिल्या पत्राला उत्तर येणार नाही. दुसरे लिहा.

ती बाई पुढे मला भेटली नाही. बाळ आता विशीचे झाले असेल. तिचा प्रश्न मात्र मी आजही प्रत्येक बैठकीत सांगते, आणि सांगताना माझ्या सहीबद्दलही सांगते. मागच्या महिन्यात एका वस्तीत बैठक संपल्यावर एक तरुण आई थांबली. तिच्या मुलाला रुग्णालयात फेरतपासणीला न्यायचे होते. पिशवीतून घडी घातलेला कागद काढून ती म्हणाली, "ताई, यावर सही करायला सांगितलीय. मी म्हटलं, आधी वाचून घेते."

आम्ही दोघी विहाराच्या पायरीवर बसलो आणि तो कागद पहिल्या ओळीपासून वाचला.